उड्डाणापूर्वीची पंचवीस मिनिटे

विमान हा शब्द उच्चारताच मनुष्याची दृष्टी वर जाते. आमच्या पांडेसऱ्यातही तसेच घडते. पश्चिमेस मगदल्ल्याच्या विमानतळाकडे उतरणारे विमान मिलच्या धुराड्यांपलीकडे दिसले की रस्त्यावरची मुले खेळ थांबवून त्याच्याकडे पाहत राहतात. त्या विमानात एकदा तरी बसावे, किंबहुना ते आपणच चालवावे, असे ज्याला वाटत नाही असा विद्यार्थी विरळा. ही हौस घरबसल्या भागविण्याची सोय आता झालेली आहे. संगणकाच्या पडद्यावर विमान चालविण्याचा आभास निर्माण करणारे कार्यक्रम मिळतात. त्यांस फ्लाइट सिम्युलेटर म्हणतात. आम्ही ह्या लेखात त्यांस ‘आभासी विमान’ असे म्हणू. तथापि आमचा विषय आभासी उड्डाण हा नसून त्याच्या आधीचा आहे. विमान जमिनीवर उभे असताना त्याच्याभोवती जी कामे चालतात, ती ह्या संगणकीय खेळात आणणारी काही जोडसाधने निघाली आहेत. त्यांचा परिचय करून देण्याचे आम्ही योजिले आहे. विषय वरवर पाहता करमणुकीचा वाटेल. परंतु त्याच्या पोटात पदार्थविज्ञान, गणित आणि माणसांच्या श्रमांचा हिशेब ही तिन्ही आहेत.

वैमानिकास जमिनीवर बसवून उड्डाण शिकवावे ही कल्पना जुनी आहे. अमेरिकेतील बिंगहॅम्टन गावी एडविन लिंक नावाच्या गृहस्थाच्या वडिलांचा पियानो व ऑर्गन तयार करण्याचा कारखाना होता. ऑर्गनास वारा पुरविणाऱ्या भात्यांचा उपयोग करून लिंकने १९२९ साली एक लाकडी पेटी तयार केली. तीत बसलेल्या शिकाऊ माणसाने दांडा हलविला की भाते फुगत वा आकसत आणि पेटी खऱ्या विमानाप्रमाणे कलत असे. आरंभी लोकांनी तिला जत्रेतील करमणुकीची वस्तू मानले. परंतु १९३४ साली अमेरिकन लष्कराकडे विमानाने टपाल नेण्याचे काम आले, खराब हवेत कित्येक वैमानिक प्राणास मुकले, आणि मग लष्कराने ह्या पेट्या विकत घेतल्या. पुढे १९७९ साली ब्रूस आर्टविक ह्याने ॲपल–२ ह्या घरगुती संगणकासाठी आभासी विमानाचा कार्यक्रम लिहिला, व १९८२ साली त्याचाच सुधारलेला अवतार मायक्रोसॉफ्ट कंपनीने आपल्या नावाने विक्रीस आणला. त्या मालिकेतील अलीकडचे कार्यक्रम २०२० व २०२४ साली प्रसिद्ध झाले. लॅमिनार रिसर्च ह्या कंपनीचा ‘एक्स-प्लेन’ हाही तितकाच नावाजलेला आहे.

ह्या कार्यक्रमांत वर्षानुवर्षे आकाश सुधारत गेले. ढग खरे वाटू लागले, डोंगर-नद्या ओळखू येऊ लागल्या, यंत्रकक्षातील प्रत्येक कळ दाबता येऊ लागली. परंतु विमानतळाचे आवार मात्र बराच काळ ओसाड राहिले. विमान उभे आहे आणि त्याच्याजवळ एकही गाडी नाही, एकही माणूस नाही. इंधन पाहिजे असल्यास आकडा टाइप करावा, सामान चढवावयाचे असल्यास आणखी एक आकडा टाइप करावा, की काम झाले. लग्नाची पंगत बसावी आणि आचारी, वाढपी कोणीही न दिसता पाने आपोआप भरावीत, तसा हा प्रकार होता. ज्यांना खऱ्या विमानतळाची माहिती होती त्यांना ही उणीव खटकली, आणि तीतून जोडसाधने जन्मास आली.

जोडसाधन म्हणजे काय हे सुरतेच्या विद्यार्थ्यास समजावून सांगणे अवघड नाही. यंत्रमागावर साधे कापड विणता येते. त्याच मागावर जेकार्ड बसविले की वेलबुट्टीचे कापड निघू लागते. जेकार्ड म्हणजे स्वतंत्र माग नव्हे. ते मागाच्या माथ्यावर बसते, मागाच्याच गतीने चालते आणि कोणता धागा केव्हा उचलावयाचा एवढेच ठरविते. आभासी विमानाचे जोडसाधन असेच मूळ कार्यक्रमावर बसविलेले असते व बहुधा ते दुसऱ्याच कोणी तयार केलेले असते. जाता जाता सांगावयास हरकत नाही की, फ्रान्समधील लियों शहरी जाकार ह्याने एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी सिद्ध केलेल्या ह्या यंत्राची छिद्रे पाडलेली पत्रे पाहूनच चार्ल्स बॅबेज ह्यास आपल्या गणकयंत्राला आज्ञा देण्याची युक्ती सुचली. तेव्हा आपल्या गल्लीतील जेकार्डाचे आणि संगणकाचे नाते दूरचे असले, तरी रक्ताचे आहे.

विमानतळावरील सेवांच्या जोडसाधनांत एफएसड्रीमटीम ह्या मंडळींचे ‘जीएसएक्स’ विशेष प्रसिद्ध आहे. त्याची ‘प्रो’ ही नवी आवृत्ती २०२२ साली निघाली. ते विकत घ्यावे लागते. एक्स-प्लेनसाठी ‘बेटर पुशबॅक’ नावाचे विनामूल्य साधन असून ते विमान मागे ढकलण्याचे एकच काम करते, पण ते चोख करते. मूळ कार्यक्रमांतही आता इंधनाची गाडी, जिना वगैरे काही सोयी आल्या आहेत. परंतु कामांचा सविस्तर क्रम पाहावयाचा तर जोडसाधनच लागते.

ह्या साधनाची कार्यपद्धती अशी. ते मूळ कार्यक्रमाकडून काही गोष्टी सतत विचारून घेत असते : विमान नेमके कोठे उभे आहे, इंजिने चालू आहेत की बंद, उभे राहण्याचा ब्रेक लावला आहे काय, कोणते दार उघडे आहे. दुसरीकडे त्याच्यापाशी दोन प्रकारच्या नोंदी असतात. पहिली नोंद विमानाची : प्रवाशांचे दार जमिनीपासून किती उंच, सामानाची कोठी कोणत्या बाजूस, इंधनाची नळी पंखाखाली कोठे जोडावयाची. दुसरी नोंद विमानतळाची : उभे राहण्याच्या जागा किती, कोणत्या जागेस चालता पूल आहे व कोठे जिना लावावा लागतो, विमान मागे ढकलताना त्याचे नाक कोणत्या दिशेस वळवावयाचे. ह्या दोन नोंदी जुळवून साधन प्रत्येक गाडीचा मार्ग आखते. खेळणारा यादीतून सेवा निवडतो आणि मग गाडी आवारातून निघते, वळसा घेते, विमानाशी येऊन भिडते. नियम मोडल्यास साधन ऐकत नाही; इंजिन चालू असताना सामानाची गाडी बोलावली तर ती येत नाही. ह्या नकारामागे मोठा अर्थ आहे, तो पुढे येईलच.

आता कामांचा क्रम पाहू. विमान थांबताच चाकांपुढे व मागे ठोकळे लावतात. नंतर बाहेरून वीज जोडतात. आपल्या घरी येणारी वीज २३० व्होल्टची असून तिची दिशा सेकंदास ५० आवर्तने घेते. विमानास मात्र ११५ व्होल्ट व ४०० आवर्तने लागतात. आवर्तने वाढविली की तेवढ्याच कामास लहान आणि हलकी विद्युत्-यंत्रे पुरतात, आणि विमानात तर प्रत्येक किलो वजन मोलाचे. त्यानंतर जिना अथवा पूल लागतो, प्रवासी उतरतात, कोठीतून सामान निघते, झाडलोट होते, पिण्याचे पाणी भरले जाते, शौचालयाची टाकी रिकामी होते, खाद्यपदार्थांची गाडी आपली पेटी कात्रीसारख्या पायांवर उंच उचलून दारास लावते. इंधन भरण्यापूर्वी गाडी आणि विमान एका तारेने जोडतात. कारण नळीतून वेगाने वाहणाऱ्या इंधनामुळे स्थिर वीज साठते आणि एक ठिणगीही घातक ठरू शकते. सगळ्यांच्या शेवटी विमान मागे ढकलणारा ट्रॅक्टर येतो. मोटारीच्या इंजिनाने मोटारीची चाके फिरतात. विमानाच्या चाकांस तशी गती मिळत नाही. त्याचे इंजिन हवा मागे फेकते म्हणून ते पुढे सरकते. इमारतीकडे तोंड करून उभ्या असलेल्या विमानास मागे नेण्यासाठी म्हणूनच दुसऱ्याचे बळ लागते.

इंधनासंबंधी थोडे विस्ताराने सांगितले पाहिजे. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा ह्यांनी कराचीहून टपाल घेऊन निघालेले एका इंजिनाचे लहानसे विमान अहमदाबादमार्गे मुंबईस जुहूच्या मैदानावर आणले. भारतीय विमानसेवेचा तो आरंभ होय. वाटेत अहमदाबादेस त्या विमानाचे इंधन बैलगाडीतून डब्यांनी आणले होते. गाडीवानाचे नाव इतिहासात राहिले नाही. परंतु ते डबे वेळेवर पोहोचले नसते तर टपाल मुंबईस पोहोचले नसते. आजच्या एअरबस ए–३२० जातीच्या विमानाच्या टाक्यांत सुमारे २४ हजार लिटर इंधन मावते. ते भरण्यास बैलगाडी पुरणार नाही, पण गाडीवानाची जबाबदारी मात्र तीच आहे.

ती जबाबदारी किती मोठी आहे हे कॅनडातील एका घटनेवरून समजते, आणि तिचे गणित आठवीच्या विद्यार्थ्यासही करता येते. २३ जुलै १९८३ रोजी एका बोइंग ७६७ विमानास २२,३०० किलो इंधन हवे होते. टाक्यांत ७,६८२ लिटर शिल्लक होते. विमानातील इंधनमापक बिघडल्यामुळे पट्टीने मोजून हिशेब करावा लागला. लिटरांचे किलो करण्यासाठी १.७७ ह्या संख्येने गुणले गेले. प्रत्यक्षात एका लिटरचे वजन १.७७ पौंड होते; किलोंत ते सुमारे ०.८० भरते. चुकीच्या गुणकाने शिल्लक इंधन १३,५९७ आले, उणीव ८,७०३ आली, आणि तिला पुन्हा १.७७ ने भागून ४,९१७ लिटर इंधन भरले गेले. भरावयास हवे होते २० हजार लिटरांहून किंचित अधिक. म्हणजे विमान निघाले तेव्हा त्यात आवश्यकतेच्या निम्म्याहूनही कमी इंधन होते. वाटेतच, हवेत असताना, दोन्ही इंजिने बंद पडली. वैमानिकांच्या असामान्य कौशल्यामुळे ते विमान घारीप्रमाणे तरंगत गिमली येथील जुन्या लष्करी धावपट्टीवर उतरले व सर्व ६९ माणसे वाचली. उत्तराच्या पुढे एकक न लिहिल्यास परीक्षक अर्धा गुण कापतो म्हणून कुरकुरणाऱ्या विद्यार्थ्यांनी हे उदाहरण एकदा स्वतः सोडवून पाहावे.

आता वेळेचा विचार करू. विमान जमिनीवर असताना कमाई करीत नाही. म्हणून देशांतर्गत मार्गावर ते पंचवीस-तीस मिनिटांत पुन्हा निघावे असा विमान कंपन्यांचा प्रयत्न असतो. हे कसे साधते? उदाहरणादाखल असे मानू की प्रवासी उतरण्यास ७ मिनिटे, झाडलोटीस ६, नवे प्रवासी चढण्यास १२, सामान उतरविण्यास ८, चढविण्यास १०, इंधनास १२, पाण्यास ५ आणि शौचालयाच्या टाकीस ५ मिनिटे लागतात. ही कामे एकामागून एक केली तर ६५ मिनिटे होतील. परंतु सामानाची कोठी एका बाजूस आणि प्रवाशांचे दार दुसऱ्या बाजूस असल्यामुळे अनेक कामे एकाच वेळी चालू शकतात. प्रवासी उतरल्याशिवाय झाडलोट नाही व झाडलोटीशिवाय नवे प्रवासी नाहीत. ही साखळी ७, ६ व १२ मिळून २५ मिनिटांची झाली. सामानाची साखळी १८ मिनिटांतच संपते. तेव्हा सामानाच्या गाडीस पाच मिनिटे उशीर झाला तरी विमान वेळेवर निघेल. झाडणाऱ्यांना पाच मिनिटे उशीर झाला तर मात्र सबंध विमान पाच मिनिटे खोळंबेल. ज्या कामास आपण क्षुल्लक समजतो त्याच्या हाती विमानाची वेळ असते, हे येथे गणितानेच सिद्ध होते. जोडसाधन वापरणाऱ्यास ही गोष्ट लवकरच उमगते. कारण चुकीच्या क्रमाने सेवा मागविल्या की त्याचे विमान पडद्यावरदेखील उशिरा निघते.

आता इंजिन चालू असताना गाडी का येत नाही ते सांगतो. जेट इंजिन समोरची हवा प्रचंड जोराने आत ओढते व मागे झोताच्या रूपाने फेकते. म्हणून इंजिन सुरू करण्यापूर्वी विमानावरील लाल लुकलुकता दिवा लावतात. तो पाहताच माणसांनी व गाड्यांनी दूर राहावयाचे असते. ट्रॅक्टर सुटल्यावर जमिनीवरील माणूस बाजूला येऊन हात उंचावतो व पुढच्या चाकाच्या वळण्याला आवर घालणारी खीळ काढल्याचे तिची लाल फीत दाखवून वैमानिकास कळवितो. ह्या खुणांत चूक झाल्यास क्षमा नाही. १६ डिसेंबर २०१५ रोजी मुंबईच्या विमानतळावर विमान निघण्याच्या वेळी त्याच्या तंत्रज्ञांपैकी एक जण चालू इंजिनात ओढला जाऊन मृत्युमुखी पडला. पडद्यावर जो नियम खेळाचा वाटतो तो खऱ्या आवारात माणसाच्या जिवाचे कुंपण असतो. हे ध्यानात ठेवून जोडसाधन वापरले तरच त्याचा उपयोग.

आमच्या सुरतेचा विमानतळ ह्या आभासी जगात कसा आहे, असा प्रश्न वाचकांच्या मनात आला असेल. मायक्रोसॉफ्टच्या २०२० सालच्या कार्यक्रमात जगातील सुमारे ३७ हजार विमानतळ होते. त्यांतील जेमतेम तीस-चाळीस आरंभी हाताने बारकाईने घडविलेले होते. बाकीचे उपग्रहांच्या व विमानांतून घेतलेल्या छायाचित्रांवरून यंत्राने उभे केलेले. सुरत ह्या बाकीच्यांत होती. खऱ्या सुरतेत डिसेंबर २०२३ मध्ये विमानतळाच्या नव्या इमारतीचे उद्घाटन झाले व त्यास आंतरराष्ट्रीय दर्जाही मिळाला. धावपट्टी सुमारे २,९०० मीटर लांब आहे. हे सर्व यंत्राला आपोआप कळत नाही. कोणती जागा कोणत्या विमानास पुरेल, पूल कोठे, जिना कोठे, ह्याची नोंद माणसालाच करावी लागते. जगभरचे हौशी लोक आपापल्या गावच्या विमानतळाच्या अशा नोंदी तयार करून इतरांस फुकट देतात. आपल्या गावाचा नकाशा अचूक काढणे हे भूगोलाच्या तासाचेच काम होय, आणि ते सुरतेच्या मुलांनी करावे हे सर्वांत योग्य.

मात्र कोणत्याही जोडसाधनात न सापडणारी एक गोष्ट सुरतेने जगास दाखविली आहे. ६ नोव्हेंबर २०१४ रोजी येथून दिल्लीस निघालेले एक बोइंग ७३७ विमान धावपट्टीवर वेग घेत असता एका म्हशीवर आदळले. म्हैस मेली, इंजिनाची नासधूस झाली. सुदैवाने प्रवाशांस इजा झाली नाही. आवाराचे कुंपण शाबूत ठेवणे व धावपट्टीवर फेरी घालून ती मोकळी असल्याची खात्री करणे हीदेखील जमिनीवरचीच सेवा. संगणकात म्हैस नसते, म्हणून कुंपणाचा रखवालदारही नसतो. चैत्र-वैशाखातील तापलेल्या काँक्रीटची धग, इंधनाचा वास, कानठळ्या, रात्रपाळीची झोप ह्यांतील काहीही पडद्यावर उतरत नाही. तेथील माणसे थकत नाहीत व त्यांना पगारही द्यावा लागत नाही. नकलेची ही मर्यादा ओळखूनच तिच्याकडून शिकावे.

पांडेसऱ्यातील पुष्कळ विद्यार्थ्यांचे पालक जळगाव, धुळे, नंदुरबारकडून येऊन येथील डाईंग मिलमध्ये व मागांवर राबत आहेत. साडी दुकानात झळकते तेव्हा तिच्यावर रंगाऱ्याचे नाव नसते. तसेच विमान उडते तेव्हा त्याचे चाक सोडणाऱ्याचे नाव कोणास ठाऊक नसते. म्हणून अशा कामांची माहिती आमच्या मुलांना अधिक अगत्याने असावी असे आम्हांस वाटते. विमानाशी नाते जोडण्यास वैमानिक होणे हा एकच मार्ग नाही, आणि त्या शिक्षणाचा खर्च बहुतेकांस झेपणाराही नाही. बारावीस पदार्थविज्ञान, रसायन व गणित घेतलेल्या विद्यार्थ्यास विमानदुरुस्तीच्या अभियंत्याचे शिक्षण घेऊन सरकारी परवाना मिळविता येतो. विमानतळाच्या आत गाडी हाकण्यासही नेहमीच्या परवान्याखेरीज वेगळा परवाना लागतो. सामानाचा भार कोठे किती ठेवावा म्हणजे विमानाचा तोल राहील, ह्याचा हिशेब करणारी माणसे लागतात. तरफेचा नियम ज्याला नीट समजला त्याला तो हिशेब परका वाटणार नाही.

हे सर्व समजून घेण्यास महागडा संगणक पाहिजेच असे मुळीच नाही. शाळेच्या पटांगणात खडूने विमानाची आकृती काढावी. आठ जणांनी आठ कामे वाटून घ्यावीत. एकाने घड्याळ धरावे. प्रथम कामे एकामागून एक करावीत, नंतर जी एकत्र चालतील ती एकत्र करावीत, आणि दोन्ही वेळा लागलेली मिनिटे वहीत लिहावीत. मग झाडणाऱ्यास मुद्दाम दोन मिनिटे उशीर करावयास लावावे आणि विमान केव्हा निघते ते पाहावे. एवढा प्रयोग ज्या वर्गाने केला त्या वर्गास, उद्या वरून जाणारे विमान पाहताना, ते जमिनीवरून कोणाकोणाच्या हातांनी सुटले ह्याचीही आठवण राहील.